एकच किल्ली

मी कोणावर विश्वास ठेवत नाही, आणि मला पगार त्याचाच मिळतो.

कारखान्यांतली मशीनं आता नेटवर्कवरून चालतात. त्यात कोणी बाहेरचा शिरून उलटंसुलटं करू नये, आणि शिरलाच तर कारखान्याने तग धरावा, अशी त्यांची रचना करणं हे माझं काम. अंधेरीला मरोळच्या एमआयडीसीत आमचं छोटं ऑफिस आहे. दिवसभर मी चोराच्या डोक्याने विचार करते आणि संध्याकाळी ते डोकं ऑफिसात ठेवून घरी येता येत नाही. आईला फोनवर विचारते, बीपीची गोळी घेतलीस? ती हो म्हणते. मग भावाला वेगळं विचारते, आईने सकाळी पाण्याचा पेला कुठे ठेवला होता? दोन्ही उत्तरं जुळली की मगच गोळी पोटात गेली असं मी धरते. नवरा म्हणतो, तुझ्याशी संसार म्हणजे कायमचा चौकशी आयोग. मी हसण्यावारी नेते, पण विचारणं काही सुटत नाही.

त्या नवमीच्या सकाळी मात्र मला खुर्चीत बसवत नव्हतं. दसरा दुसऱ्या दिवशी होता. ऑफिसातले सगळे सुट्टीवर होते आणि मी माझ्याच माहेरावर दरोडा घालायला निघाले होते.

झालं असं होतं. वर्सोव्याच्या कोळीवाड्यात मच्छीमार सोसायटीचा बर्फाचा कारखाना आहे, त्याच्या मागच्या गल्लीत माझं माहेर. बोटींना बर्फ तिथून जातो आणि वाड्यातल्या बायकांची मासळी तिथल्याच कोल्ड स्टोरेजमध्ये असते. गेल्या वर्षी कारखाना कॉम्प्युटरवर चढला आणि घरची मुलगी म्हणून रचनेचं काम माझ्याकडे आलं. माझा धाकटा भाऊ कृणाल तिथे ऑपरेटर आहे. बाबा समुद्रात गेले तेव्हा तो एवढासा होता. त्यानंतर आईने त्याला बोटीवर पाय ठेवू दिलेला नाही. जमिनीवर राहून करता येईल असं वाड्यात त्याला हे एकच काम मिळालं.

आणि तेच धोक्यात होतं. सोसायटीचे चेअरमन नंदकुमार काका. त्यांच्याकडे एक बाहेरची कंपनी खेटे घालत होती: तुमचा कारखाना आम्ही आमच्या ऑफिसात बसून चालवतो, ऑपरेटर ठेवूच नका. काका अर्धेअधिक विरघळले होते. मी कमिटीसमोर तावातावाने भांडले. म्हटलं, अख्खा कारखाना एका वायरवर टांगलात, आणि ती वायर चोराच्या हातात गेली तर काय कराल? शेवटचा हात जागेवरच्या माणसाचाच हवा.

"बरं," काका म्हणाले, "मग चाचणी घे. न सांगता हल्ला कर. तुझा माणूस पास झाला तर राहील. नापास झाला तर तिन्ही ऑपरेटर घरी."

माझा माणूस म्हणजे कृणाल. घरी बसला तर त्याच्यापुढे बोटीशिवाय काय होतं? तो बोटीवर चढला तर आई रोज संध्याकाळी किनाऱ्यावर उभी राहील आणि एक दिवस तिथेच बसून राहील. हे मला दिसत होतं, म्हणूनच मला चाचणी चोख हवी होती. खोटी खोटी पास केलेली चाचणी खऱ्या चोराच्या दिवशी उपयोगाची नसते.

चोराची सगळ्यात हुशार चाल कोणती ते सांगते. तो आत मशीन बिघडवतो आणि पडद्यावर मात्र कालचेच चांगले आकडे पुन्हा दाखवत राहतो. म्हणून माझी यंत्रणा कंप्रेसरला अधूनमधून चिमटा काढते. वेग किंचित वाढवते, किंचित उतरवते, तेही केव्हा ते आधी ठरलेलं नसतं. खरा दाब लगेच हलतो. जिवंत माणसाला चिमटा काढला तर तो ओरडतो, त्याच्या फोटोला काढला तर फोटो हसतच राहतो. आकडे असे हसत राहिले की यंत्रणा बाहेरच्या सगळ्या वायरी तोडते, कंप्रेसर थांबवते आणि भोंगा वाजवते. त्यानंतर ती कोणाचंही ऐकत नाही, अगदी माझंही. कारखान्यातल्या पॅनेलवर एक कुलूप आहे. त्यात किल्ली फिरवली की मगच कारखाना हाताने चालू करता येतो. किल्ली एकच, आणि ती पाळीवरच्या ऑपरेटरच्या गळ्यात.

एकच का, यावरून कृणालशी माझं चांगलंच जुंपलं होतं.

"ताई, एखादी जादा ठेव ना. हरवली तर?"

"हरवायची नाही."

"आणि मीच नसलो तर?"

"कुठे जाणारेस तू?"

"तुझा आमच्यावर भरोसाच नाय यार."

"नाहीच आहे. एक जादा किल्ली म्हणजे एक जादा चोर."

त्याने तोंड फिरवलं. मला वाईट वाटलं, पण कुलपाच्या बाबतीत मी कोणाचं ऐकत नाही, आणि त्याला कारण आहे. मी अकरा वर्षांची होते. आई बाजारात मासे विकायला गेली होती, आम्ही शाळेत. बाबा घराला कुलूप घालून बोटीवर गेले. बोट परत आली, बाबा आले नाहीत. आईला बाजारातून धरून आणलं तेव्हा दाराला कुलूप होतं आणि किल्ली बाबांच्या करगोट्याला. बाईला निदान आपल्या घरात बसून रडता यावं म्हणून शेजाऱ्यांनी हातोडा आणला. दोन-चार घावांत कुलूप तुटून पडलं. इतक्या सहज तुटलं म्हणून मला त्या कुलपाचाच राग आला. तो राग अजून गेलेला नाही, त्यावरच माझं पोट चालतं.

तर नवमीची सकाळ. काका वाड्यात "बँकेत जाऊन येतो" सांगून माझ्या ऑफिसात येऊन बसले होते. हल्ल्याचा दिवस आम्हा दोघांनाच ठाऊक होता.

"दसरा होऊ दिला असतास तर?" चहात बिस्कीट बुडवत ते म्हणाले.

"चोर सणालाच येतो काका. सगळे गाफील असतात."

मी बटण दाबलं. आदल्या दिवशीचे आकडे कारखान्याकडे निघाले. काकांचं दुसरं बिस्कीट चहात पडायच्या आत यंत्रणेने चिमटा काढला, आकडे हसत राहिले, आणि माझ्या पडद्यावरून कारखाना गायब झाला. वायर तुटली. मी टेबलावर हात आपटला. पकडलं होतं यंत्रणेने, माझ्या पोरीने मलाच पकडलं होतं!

आता कृणालने किल्ली फिरवायची आणि काकांना फोन करायचा, असा नियम होता. काकांनी फोन टेबलावर मधोमध ठेवला. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो.

फोन वाजेना. चहा निवला. मी उठून खिडकीशी गेले, परत आले, पुन्हा गेले. वायर तुटल्यावर बाहेर काहीच कळायचं नाही, अशी रचना माझीच. आत काय चाललंय ते मला दिसत नव्हतं. शेवटी नियम मोडून मीच कृणालला फोन लावला. रिंग वाजून वाजून बंद झाली. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

"झालं मग," काका हळूच म्हणाले. "नापास."

"थांबा. मी हल्ला मागे घेते."

मी माझं नाव घातलं, पासवर्ड घातला. पडद्यावर ओळ आली: तुमची ओळख मान्य नाही. ही ओळ मीच लिहिली होती, आणि लिहिताना मला भारी मजा वाटली होती. आता कारखाना बंद पडला होता, आत बायकांची मासळी होती, दसऱ्याच्या बोटींचा बर्फ अर्धा गोठलेला होता, आणि जगात कोणालाही तो इथून चालू करता येणार नव्हता.

खाली उतरून रिक्षा पकडली. काका धापा टाकत शेजारी बसले. अंधेरीचा पूल तुंबलेला होता. स्टेशनकडच्या वाटेवर झेंडूचे ढीग, आपट्याच्या पानांच्या जुड्या, आणि त्यांच्यामधून इंचाइंचाने सरकणाऱ्या गाड्या. मी पिशवी मांडीवर घेऊन तिचा पट्टा पिळत होते. फोन काढायला हात घातला तर सुक्या जवळ्याची पुडी हाताला लागली. माहेरी गेले की आई या पिशवीत न सांगता काहीतरी कोंबते आणि ते मुलुंडला घरी पोचल्यावर, कधीकधी महिन्याने, वासावरून सापडतं. पुडी बाजूला सारून फोन काढला. कृणाल उचलत नव्हता.

"तो किल्ली का फिरवत नाहीये काका?"

काका बाहेर बघायला लागले. मग घसा साफ करून म्हणाले, "तुला एक सांगायचं राहिलं. किल्ली देवीपुढे आहे."

"म्हणजे?"

"आज खंडेनवमी ना. काल रात्री कारखान्यातली सगळी हत्यारं पूजेला मांडली. पाने, हातोडे, जाळं विणायच्या सुया. मीच म्हटलं, किल्ली पण मांडा."

"किल्ली काय हत्यार आहे?"

"तूच म्हणालीस कमिटीत. चोराविरुद्धचं शेवटचं हत्यार."

मी कपाळावर हात मारून घेतला. मांडलेलं हत्यार उद्या दसऱ्याची पूजा होईपर्यंत कोणी उचलत नाही. वाड्यात वाढलेल्या पोराला हे शिकवावं लागत नाही. कारखाना चालू ठेवतात, कंप्रेसरला हार घालून तो चालतो, पण मांडलेल्याला हात नाही.

"मग फोन करून सांगा कोणाला तरी, उचला म्हणून!"

"मी सांगू? आणि उद्यापासून जाळ्यात मासळी लागली नाही तर वाडा मला सोडेल?" काका चिडले. "आणि सांगितलं तर चाचणी कसली राहिली?"

"तुम्हाला आजच्या दिवसाबद्दल माहीत होतं, किल्लीबद्दल माहीत होतं. सकाळी बोलायला काय झालं होतं?"

"तू विचारलंस? तू कोणाला काही विचारतेस का गं?"

मी रिक्षावाल्यावर ओरडले, डावीकडून काढ, उजवीकडून काढ. तो म्हणाला, ताई, उडवू का? मी खोटं सांगत नाही, मला भीती वाटत होती. हल्ला मी केला, वायर मी तोडली, किल्ली एकच मी ठेवली. आणि बोटीवर जाणार होता कृणाल.

सात बंगल्यापुढे मंडपाने रस्ता अडवला होता. मी उतरून पळत सुटले. काका मागून "अगं नमे, हळू!" म्हणत राहिले. गल्लीत शिरले तर पोरं भोंग्याची नक्कल करत एकमेकांमागे धावत होती. त्यांना वाटलं होतं भोंगा सणाचाच आहे. आणि मग मला ऐकू आलं. घरघर. कंप्रेसरची, दोन्ही कंप्रेसरची घरघर.

कारखाना चालू होता.

दाराशी देवी मांडली होती. पुढे लाल कापडावर पाने, हातोडे, सुया, बर्फाच्या लाद्या ओढायचे हूक, सगळ्यांवर हळदकुंकू. शेजारी चार-पाच मोबाइल, त्यांच्यावरही कुंकवाचं बोट. कृणालचा फोन माझ्या डोळ्यांदेखत झेंडूच्या पाकळ्यांखाली वाजत होता, कारण मी अजून तोच नंबर लावून धावत होते. आणि मधोमध किल्ली. तिच्यावरचं कुंकू जरासुद्धा हललेलं नव्हतं.

मी आत गेले. कृणाल पॅनेलपाशी उभा होता, शर्ट घामाने चिकटलेला. कुलपात किल्ली होती, फिरवलेली. नवीकोरी, चकचकीत.

"ताई! तू कशी काय? ऐक ना, हल्ला झाला. दाबाचे आकडे खोटे यायला लागले, तुझ्या मशीनने बरोब्बर पकडलं. झकास काम केलं एकदम. मी लगेच कारखाना हातावर घेतला. काकांना फोन करायचा होता, पण फोन देवीपुढे, आणि बाकी कोणाला नंबर पाठ नाय. पोराला पाठवला तर काका बँकेत गेलेत म्हणे."

"ही किल्ली कुठली?"

त्याचा चेहरा पडला. "डुप्लिकेट आहे."

"कुठे केलीस?"

"स्टेशनला. पुलाखाली तो छत्रीवाला बसतो ना, तो करतो."

परदेशातून मागवलेलं कुलूप होतं ते. याची नक्कल होत नाही, असं त्यांनी मला छापून दिलं होतं.

"किती वेळ लागला त्याला?"

"मी कटिंग घेऊन आलो तोवर झाली."

मग मी जी ओरडले ती ओरडलेच. मूर्खा, तुला कळतं का, छत्रीवाल्याने स्वतःसाठी एक करून ठेवली असेल तर? ज्या चोराला मी वर्षभर वायरीत शोधतेय त्याला तू पुलाखाली किल्ली देऊन आलास! कृणाल खाली मान घालून ऐकत होता. तेवढ्यात काका पोचले, चालू कारखाना बघितला, आणि माझ्याकडे वळले.

"मग? पास की नापास?"

नियमाने बघितलं तर नापास. किल्लीची नक्कल झाली की कुलूप संपलं. नापास म्हटलं तर कृणाल बोटीवर. पास म्हटलं तर मी खोटं बोलले, आणि लोकांचं खोटं पकडण्यात माझं आयुष्य गेलंय. मी हात पाठीमागे बांधले.

"त्याला कशाला वरडतंस गो?" आई दारात उभी होती. हातात पूजेचं ताट. "मीच सांगितलं त्याला करायला. तुझ्या बापापाशी येकच किल्ली होती."

कंप्रेसर घरघरत होता.

वाड्यात आमच्या घराची किल्ली शेजारच्या शेवंतीकडे असते, द्रौपदी मावशीकडे असते, त्यांच्या घरांच्या आमच्याकडे खिळ्याला. पुरुष समुद्रावर, बायका बाजारात, कोण कधी परतेल सांगता येत नाही. मी कॉलेजात असताना या किल्ल्यांच्या झुबक्याला हसायचे. हातोड्याचे घाव आम्ही दोघींनी एकत्र ऐकले होते. मी त्यातून मजबूत कुलूप शिकले. आई काय शिकली, ते मी तिला कधी विचारलंच नव्हतं.

"काका," मी म्हटलं, "माणूस पास. रचना नापास, आणि ती माझी आहे. मी बदलते."

"बदलते म्हणजे?"

"कुलपं दोन होतील. किल्ल्या तीन माणसांकडे, त्यातल्या कुठल्याही दोन एकत्र फिरवायच्या. एक चोरीला गेली तर चोराला काही करता येणार नाही. एक माणूस नसला तर कारखाना अडणार नाही."

"आणि ऑपरेटर?"

"तिघंही लागतील. किल्ल्या काय आपोआप फिरणार?"

काकांनी डोकं खाजवलं. "त्या कंपनीला काय सांगू मग?"

"विचारा त्यांना, नवमीला भोंगा झाला तर त्यांच्या ऑफिसातून कोण धावत येणारे?"

काका हसले, आणि हसले म्हणजे मान्य. मी मात्र लगेच माझ्या वळणावर गेले.

"आता सगळ्या डुप्लिकेट इथे जमा. कुलूप बदलेपर्यंत माझ्याकडे राहतील. किती केल्यास?"

"चार."

"कोणाकोणाकडे?"

"एक आईकडे, ती ही लावलेली. एक शेवंतीकडे, एक द्रौपदी मावशीकडे." त्याने दारातून हाक मारली. दोघी पूजेलाच आल्या होत्या. शेवंतीने कमरेची, मावशीने बटव्यातली काढून माझ्या हातावर ठेवली.

"आणि चौथी?"

कृणालने आईकडे बघितलं.

"तुझ्यापाशीच हाय," आई म्हणाली.

"माझ्यापाशी?"

"गणपतीला आयलीस तवा पिशवीत टाकली. जवल्याच्या पुडीत."

मी पिशवी उघडली. पुडी काढली, वर्तमानपत्र सोडलं. सुक्या जवळ्यात, जवळ्याच्याच रंगाची झालेली, किल्ली होती. मरोळपासून सात बंगल्यापर्यंत मी जिच्यासाठी जीव टाकत आले ती माझ्या मांडीवर बसून आली होती.

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर घेतली असतीस तू?" आईने ताट खाली ठेवलं. "आमी कोनीच नसलू, तर तू तरी येशील ना."

इतकी वर्षं मी त्यांना उलटसुलट प्रश्न विचारून तपासत होते, आणि त्यांनी मला न तपासताच आपल्यात धरलं होतं. कृणालने हात पुढे केला, "दे ताई, कुलपातली काढून चारही एकत्र बांधून देतो तुला." मी शेवंतीची आणि मावशीची दिली. चौथी मुठीतून सुटेना. बाबा गेले तेव्हा मी रडले नव्हते, कुलपावर चिडले होते. आता काकांसमोर, शेवंतीसमोर, सगळ्यांसमोर, जवळ्याच्या वासाची ती किल्ली मुठीत घट्ट धरून मी रडले.